संकल्पाचे साधक विल्यम जेम्स

श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने भगवंतांपुढे जी अडचण मांडली, ती आपणा सर्व गृहस्थाश्रमी जनांचीच अडचण होय. मन आवरत नाही, हीच ती अडचण. भगवंतांनी ती खोटी ठरविली नाही. मनाचा निग्रह दुष्कर आहे हे मान्य करूनच त्यांनी अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. आपण मात्र त्यांतील पहिला, म्हणजे अडचणीचा, भागच तेवढा लक्षात ठेवतो. पहाटे उठण्याचा निश्चय रात्री करतो आणि पहाटे तो मोडतो. वैद्यांनी गोड वर्ज्य सांगितलेले असते, पण सणाच्या पानावरील एका जिलबीपुढे तो नियम टिकत नाही. मुलांवर रागवायचे नाही असे सकाळी ठरवितो आणि संध्याकाळी आवाज चढवितो. मग आपणच आपल्या मनाची समजूत घालतो, की मनोनिग्रह हे ऋषिमुनींचे काम आहे. प्रपंचात बुडालेल्या मनुष्याला ते कसे साधावे?

ही समजूत किती उणी आहे हे दाखविणारे एक चरित्र येथे सांगावयाचे आहे. हा पुरुष आपल्या देशाचा नव्हे, आपल्या धर्माचाही नव्हे. तो संन्यासी नव्हता. बायकामुलांचा, नोकरीचाकरीचा, आजारांनी गांजलेला गृहस्थ होता. आधुनिक मानसशास्त्राच्या संस्थापकांत ज्यांची गणना होते, ते अमेरिकेतील विख्यात तत्त्वचिंतक विल्यम जेम्स हेच ते गृहस्थ होत. सवय आणि संकल्प यांविषयी त्यांनी जे लिहिले ते जगभर वाचले गेले. परंतु ते लिहिणाऱ्या मनुष्याची स्वतःची इच्छाशक्ती एके काळी किती दुबळी होती, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

विल्यम जेम्स यांचा जन्म ११ जानेवारी १८४२ रोजी न्यूयॉर्क नगरात झाला. त्यांचे आजोबा आयर्लंडहून अमेरिकेत आले आणि व्यापारात त्यांनी अपार संपत्ती मिळविली. त्यामुळे विल्यम यांच्या वडिलांना पोटासाठी काही करावे लागले नाही. ते धर्मचिंतनात रमलेले, स्वतंत्र बुद्धीचे आणि मुलांवर अतिशय माया करणारे गृहस्थ होते. मुलांना उत्तमातील उत्तम शिक्षण मिळावे म्हणून ते सगळे कुटुंब घेऊन आज जिनीव्हा, उद्या पॅरिस, परवा पुन्हा अमेरिका असे फिरत राहिले. एका शाळेत मन रमते न रमते तोच दुसरी शाळा येई. या फिरस्तीतून विल्यम अनेक भाषा शिकले, अनेक चित्रे आणि ग्रंथ त्यांनी पाहिले. त्यांचे धाकटे बंधू हेन्री जेम्स पुढे थोर कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आले. परंतु एक गोष्ट त्या घरात शिकावयास मिळाली नाही. हाती घेतलेले काम कंटाळा आला तरी शेवटास न्यायचे असते, हा धडा तेथे कोणी दिला नाही.

त्याची फळे तारुण्यात दिसू लागली. अठराव्या वर्षी विल्यम यांनी चित्रकार व्हायचे ठरविले आणि न्यूपोर्ट गावी एका नामांकित चित्रकाराच्या हाताखाली शिकू लागले. वर्ष संपण्यापूर्वीच तो नाद सुटला. १८६१ मध्ये ते हार्वर्ड येथे रसायनशास्त्र शिकावयास गेले, तेही सुटले. १८६४ मध्ये वैद्यकाच्या अभ्यासास लागले. तो अर्धवट ठेवून १८६५ मध्ये लुई अगासी या निसर्गशास्त्रज्ञाबरोबर ब्राझील देशाच्या सफरीवर गेले. तेथे देवीसारख्या रोगाने ते अंथरुणास खिळले आणि प्राणी गोळा करणे हे आपले काम नव्हे, असे मनाशी ठरवून परतले. पाठदुखी, डोळ्यांची दुर्बलता आणि निद्रानाश हे तर नित्याचे सोबती झाले. उपचारासाठी आणि अभ्यासासाठी ते जर्मनीत राहून आले. अखेर १८६९ मध्ये वैद्यकाची पदवी मिळाली. पण वैद्यकाचा व्यवसाय त्यांनी कधीच केला नाही.

वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी हा बुद्धिमान तरुण वडिलांच्या घरी निरुद्योगी बसून होता. त्याच्या मनाला जो अंधार वेढून होता, त्याचे कारण केवळ आजार नव्हते. त्या काळच्या शास्त्रात एक विचार प्रबळ झाला होता. मनुष्य हे एक यंत्र आहे. मेंदूत जशा हालचाली होतील तसे विचार उमटतील आणि तशीच कृती घडेल. मी ठरवितो, मी आवरतो, हा सगळा केवळ भास आहे, असा तो विचार होता. वैद्यक शिकलेल्या विल्यम यांना या विचारातून निसटण्याची वाट दिसेना. आपले मन दुबळे आहे एवढेच दुःख असते, तर ते सहन झाले असते. परंतु ते सुधारणेच शक्य नाही, कारण सुधारणारा म्हणून कोणी नाहीच, असे वाटू लागले तेव्हा जगणे व्यर्थ झाले. आत्मघाताचे विचार त्यांच्या मनात घोळू लागले.

त्या उदास दिवसांत एके संध्याकाळी त्यांच्यावर एकाएकी भयाचा आघात झाला. वेड्यांच्या रुग्णालयात पूर्वी पाहिलेला एक जडमूढ तरुण त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, आणि आपलीही हीच गती होऊ शकते या जाणिवेने त्यांचे काळीज थरकापले. पुढे कित्येक महिने त्यांना एकट्याने अंधारात जाववत नसे. हा अनुभव त्यांनी फार वर्षांनी एका फ्रेंच मनुष्याचा म्हणून आपल्या ग्रंथात दिला. तो स्वतः त्यांचाच होता, हे मागाहून कळले. त्या भयातून आपली बुद्धी कशी वाचली, याचे कारणही त्यांनी तेथेच नोंदविले आहे. त्यांनी आपल्या धर्मग्रंथातील काही पवित्र वचने धरून ठेवली आणि तीच ते मनात पुनःपुन्हा घोळवीत राहिले. नामस्मरणाचा अनुभव असलेल्या आपल्या वाचकांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

१८७० च्या एप्रिल महिन्यात फ्रेंच तत्त्वज्ञ शार्ल रनूव्हिए यांचा एक निबंध त्यांच्या वाचनात आला. इच्छास्वातंत्र्य म्हणजे काय, याचे त्यात एक साधे लक्षण दिले होते. मनात इतर विचार येऊ शकत असताना एखादा विचार आपण ठरवून धरून ठेवतो; हे धरून ठेवणे हेच स्वातंत्र्य, असा त्याचा आशय होता. विल्यम यांना या लहानशा वाक्यात वाट दिसली. ३० एप्रिल १८७० रोजी त्यांनी आपल्या रोजनिशीत एक निश्चय लिहून ठेवला. इच्छास्वातंत्र्य आहे किंवा नाही, हे बुद्धीने सिद्ध होईपर्यंत थांबायचे नाही. ते आहे असे मानायचे, आणि हे मानणे हीच आपली पहिली स्वतंत्र कृती समजायची. तत्त्वचर्चेत आणि हळहळण्यात वेळ न दवडता लहान लहान कृतींची सवय लावून घ्यायची, हा त्या निश्चयाचा दुसरा भाग होता.

येथे कोणास वाटेल की दुसऱ्या दिवसापासून ते निराळेच झाले असतील. तसे काही झाले नाही. चमत्काराच्या कथेत आणि साधनेच्या कथेत हाच भेद असतो. पुढची दोन-अडीच वर्षे पाठदुखी होती, उदासी येत-जात होती, निश्चय ढळत होता आणि पुन्हा उभा राहत होता. १८७२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी, जे पूर्वी त्यांचे रसायनशास्त्राचे गुरू होते, त्यांना शरीरशास्त्र शिकविण्याचे काम देऊ केले. १८७३ च्या आरंभी ते वर्गात उभे राहिले. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, मन प्रसन्न असो वा नसो, विद्यार्थ्यांपुढे जायचे, हे बंधन त्यांना औषधासारखे लागू पडले. त्यांच्यात झालेला बदल घरच्या मंडळींच्याही लक्षात आला. मोकाट मनाला नित्यकर्माची वेस मिळाली आणि ते मन कामास लागले.

१८७८ च्या जुलैमध्ये त्यांचा विवाह ॲलिस गिबन्स या शिक्षिकेशी झाला. त्यांना पुढे पाच अपत्ये झाली. या गृहिणीने त्यांच्या लहरी स्वभावाला जन्मभर स्थैर्य दिले. त्याच वर्षी हेन्री होल्ट या प्रकाशकाशी त्यांनी मानसशास्त्रावर एक ग्रंथ लिहून देण्याचा करार केला. ग्रंथ दोन वर्षांत पुरा व्हावयाचा होता. त्यास लागली बारा वर्षे.

ही बारा वर्षे म्हणजे त्यांच्या संयमाची खरी परीक्षा होती. मध्यंतरी १८८२ या एकाच वर्षात आई आणि वडील दोघेही गेले. १८८५ मध्ये हर्मन नावाचा दीड वर्षाचा मुलगा डांग्या खोकल्याने दगावला. डोळे वारंवार दुखत, झोप लागत नसे. शिवाय कामाची टाळाटाळ करण्याचा जुना स्वभाव होताच. आपल्या ग्रंथात त्यांनी एका मनुष्याचे वर्णन केले आहे. त्याला दुपारी तर्कशास्त्राचा नावडता पाठ द्यावयाचा असतो. तो टाळण्यासाठी तो शेगडीतील निखारे हलवितो, खुर्च्या सरळ करतो, जमिनीवरचा कचरा वेचतो, वर्तमानपत्र उघडतो, नखे कापीत बसतो. हा मनुष्य कोण, हे ओळखणे त्यांच्या परिचितांस फारसे कठीण गेले नसावे. असा मनुष्य बारा वर्षे एका कामास चिकटून राहिला आणि १८९० मध्ये सुमारे १,४०० पृष्ठांचा, दोन खंडांचा तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. मानसशास्त्रातील तो एक अक्षय ग्रंथ ठरला.

त्यातील सवयीवरचे प्रकरण विशेष गाजले. त्याचे सार असे : मेंदू हा घडण घेणारा पदार्थ आहे. एकदा केलेली कृती पुढच्या वेळी थोडी सोपी होते, आणि पुनःपुन्हा केल्याने तिची वाट मळून जाते. म्हणून शहाण्या मनुष्याने चांगल्या गोष्टी लवकरात लवकर सवयीच्या हाती सोपवाव्यात, म्हणजे संकल्पाची शक्ती मोठ्या कामांसाठी शिल्लक राहते. यासाठी त्यांनी चार नियम सांगितले. नवी सवय आरंभिताना पूर्ण जोराने आरंभावी. ती मुरेपर्यंत अपवाद करू नये. निश्चय केला की कृतीची पहिली संधी साधावी; कारण ज्या निश्चयामागे कृती येत नाही तो मनाला उलट दुबळे करतो. आणि प्रयत्नाची शक्ती जिवंत राहावी म्हणून रोज एखादी लहानशी नावडती गोष्ट केवळ अभ्यासासाठी करावी. हा चौथा नियम वाचताना आपल्या एकादशीची, चातुर्मासातील नेमांची आणि एखादा आवडता पदार्थ सोडण्याच्या व्रताची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

परंतु त्यांच्या विवेचनाचा गाभा याहून खोल आहे. संयम म्हणजे वासनेशी केलेली झटापट, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. जेम्स यांचे म्हणणे निराळे होते. संकल्पाचे सगळे काम अवधानात आहे, असे त्यांस दिसून आले. कडाक्याच्या थंडीत पहाटे उबदार अंथरुणातून आपण कसे उठतो, याचा त्यांनी विचार केला. थंडीशी मनात भांडत राहिले तर उठणे होत नाही. दिवसाच्या कामाचा विचार मनात येतो, क्षणभर थंडीचा विसर पडतो, आणि आपण उठून बसलेले असतो. मद्यपी मनुष्याचेही तसेच. आजचा दिवस सणाचा, आजचा पेला औषधाचा, आजचा मित्राच्या आग्रहाचा, अशी निरनिराळी नावे तो आपल्या कृतीस देत राहतो. ही कृती म्हणजे व्यसनच होय, हे एकच खरे नाव जर त्याने मनापुढे धरून ठेवले, तर तो वाचण्याच्या मार्गास लागला. कठीण पण खरा विचार मनापुढून हलू न देणे, एवढेच संकल्पाचे काम. १८७० मध्ये बुडत असताना जी काठी हातास लागली होती, तीच त्यांनी वीस वर्षांनी शास्त्र म्हणून जगाच्या हाती दिली.

याच काळात आपल्या देशाशी त्यांचा संबंध आला. १८९६ च्या मार्च महिन्यात स्वामी विवेकानंदांचे हार्वर्डच्या तत्त्वज्ञान-विद्यार्थ्यांपुढे वेदान्तावर व्याख्यान झाले. जेम्स यांचा आणि स्वामींचा परिचय याच काळातला. एडिंबरो येथे दिलेल्या व्याख्यानांतून तयार झालेला, धर्मानुभवाच्या विविध प्रकारांवरील त्यांचा ग्रंथ १९०२ मध्ये निघाला. त्यात स्वामींच्या राजयोगाचा त्यांनी आदराने आधार घेतला. १९०६ च्या डिसेंबरमध्ये मनुष्याच्या सुप्त शक्तींवर व्याख्यान देताना, उपवास, प्राणायाम, आसने आणि एकाग्रता यांच्या अभ्यासाने पालटलेल्या एका युरोपीय विद्वान मित्राची हकीकत त्यांनी सांगितली. अद्वैत सिद्धान्त मात्र त्यांना अखेरपर्यंत पटला नाही, आणि ते त्यांनी मोकळेपणाने लिहूनही ठेवले. सिद्धान्तात मतभेद असूनही साधनेची कसोटी अनुभवावर घेण्याची ही सचोटी आपणही घेण्याजोगी आहे.

१८९८ मध्ये पर्वतात चालताना त्यांच्या हृदयावर ताण पडला आणि तेव्हापासून ते विकार जडले ते कायमचेच. तरीही त्यांचे महत्त्वाचे ग्रंथ याच्या पुढच्या काळात झाले. १९०७ मध्ये ते हार्वर्डमधून निवृत्त झाले. २६ ऑगस्ट १९१० रोजी न्यू हँपशायरमधील चोकोरुआ येथील आपल्या घरी त्यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय अडुसष्ट वर्षांचे होते.

त्यांच्या मागे जे संशोधन झाले, त्याने त्यांच्या शिकवणीतील काही भाग दृढ केला आणि काही सुधारला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील वॉल्टर मिशेल यांनी १९६० नंतरच्या वर्षांत बालवाडीतील मुलांपुढे खाऊ ठेवून, थोडा वेळ थांबल्यास अधिक मिळेल असे सांगितले. जी मुले खाऊकडे टक लावून बसली त्यांना थांबवेना. जी मुले गाणे गुणगुणत, डोळे झाकीत किंवा दुसरे काही मनात आणीत, ती थांबू शकली. म्हणजे येथेही झटापट नव्हे, अवधानच उपयोगी पडले. अशी मुले पुढे हमखास यशस्वी होतात, असा बोलबाला मागाहून झाला. परंतु २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांच्या माहितीची तपासणी झाली, तेव्हा घरची परिस्थिती विचारात घेता हा संबंध बराच क्षीण ठरला. त्याआधी २०१३ मध्ये रॉचेस्टर येथे अठ्ठावीस मुलांवर आणखी एक प्रयोग झाला होता. ज्या मुलांना मोठ्या माणसाने आधी दिलेले वचन पाळले होते ती सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली. ज्यांच्याशी वचनभंग झाला होता ती सुमारे ३ मिनिटेच. मुलांच्या संयमाची मुळे आईबापांच्या सत्यवचनात असतात, हा त्याचा अर्थ प्रत्येक गृहस्थाने मनात ठेवावा.

मेंदूच्या अभ्यासातूनही असेच निघाले. कपाळामागील मेंदूचा भाग दूरच्या हिताचा विचार वागवितो, आणि मुरलेली सवय मेंदूच्या खोल गाभ्यातील केंद्रांच्या आधाराने चालते. पथ्य पाळू पाहणाऱ्या लोकांवर कॅलिफोर्नियात प्रयोग झाले; त्याचा वृत्तान्त २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. संयम साधलेल्यांच्या मेंदूतील कपाळामागचा एक भाग पदार्थांची किंमत ठरविणाऱ्या भागावर आपला प्रभाव पाडताना दिसला. २०११ मध्ये असेही आढळले, की हा पदार्थ आरोग्यास कसा आहे याकडे केवळ लक्ष वेधले, तरी मेंदूतील ती किंमत बदलते आणि निवड सुधारते.

एका बाबतीत मात्र जेम्स यांचा नियम वाजवीपेक्षा कडक होता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ लोकांच्या नव्या सवयींचा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सवय मुरावयास कोणास १८ दिवस लागले, कोणास २५४ दिवस लागतील असे अनुमान निघाले. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असे दिसून आले. अपवाद करू नये हे खरेच. पण अपवाद घडला म्हणून नेम सोडू नये, हे त्याहून खरे. जेम्स यांच्या स्वतःच्या चरित्राचीही साक्ष तीच आहे. त्यांचा निश्चय अनेकदा ढळला. तो दर वेळी त्यांनी पुन्हा उचलला, म्हणून तर तो टिकला.

याच सहाव्या अध्यायात अर्जुनाने आणखी एक प्रश्न विचारला आहे. श्रद्धा आहे पण प्रयत्न अपुरा पडला, असा साधक दोन्हीकडून भ्रष्ट होतो काय? भगवंतांनी त्यास जे अभय दिले, ते आपणा सर्वांसाठी आहे. आरंभी कडू वाटणारे आणि परिणामी अमृतासारखे होणारे सुख हेच सात्त्विक सुख, असे अठराव्या अध्यायात म्हटले आहे. त्या सुखाची वाट बलवंतांनाच मोकळी आहे असे मुळीच नाही. काल मोडलेला पहाटेचा नेम आज पुन्हा धरावा, निसटलेले मन पुन्हा हळूच हिताच्या विचाराकडे आणावे, आणि मुलाला दिलेले लहानसे वचनही पाळावे. एवढे प्रत्येक घरात घडू शकते. ते आपणा सर्वांकडून घडो, हीच भगवंतांच्या चरणी प्रार्थना.